चिंध्यांचे शहर आणि स्वस्ताईची शर्यत

(वस्त्रोद्योगाशी संबंधित तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण घर मागवाल्यांचे. भिवंडीत अब्बांचे बारा माग होते. व्यापारी सूत द्यायचा, अब्बा मजुरीवर कापड विणून द्यायचे. पिकामागे एखादा पैसा वाढवून मिळावा म्हणून ते आयुष्यभर घासाघीस करत राहिले. उत्तर ठरलेले असायचे : 'दुसरा याहून कमी घेतो.'

आज मी ज्या शहराविषयी बोलणार आहे, त्यालाही बाजाराने हेच ऐकवले. इटलीतल्या फ्लॉरेन्सशेजारचे हे शहर म्हणजे प्रातो.

प्रातो चिंध्यांवर उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे जुने लोकरी कपडे आणून त्यांची पुन्हा लोकर बनवतात. नवी लोकर महाग होती, म्हणून हा धंदा सुरू झाला. 'पर्यावरणपूरक' हा शब्द तेव्हा कोणी ऐकलाही नव्हता.

काम कसे चालते पाहा. गाठी फोडून कपडे निवडले जातात. बटणे, अस्तर, शिवणी काढल्या जातात. मग धाग्याच्या प्रकाराप्रमाणे आणि रंगाप्रमाणे ढीग लावले जातात. जुना निवडणारा कारागीर कापड बोटांत चुरगाळून सांगतो की यात लोकर किती आणि भेसळ किती. पुढे कापड फाडून त्याचे तंतू मोकळे करतात, पिंजतात, कातून पुन्हा सूत काढतात. निवड रंगाप्रमाणे झालेली असल्यामुळे बऱ्याच मालाला पुन्हा रंग द्यावा लागत नाही. रंग वाचतो, पाणी वाचते, पैसाही वाचतो. म्हणजे या धंद्याचे खरे भांडवल यंत्रात कमी आणि त्या बोटांत जास्त होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मोठ्या गिरण्या मोडकळीस आल्या. बरेच माग कामगारांच्या हाती गेले, घराघरांत आणि गॅरेजमध्ये चालू लागले. 'इम्पानातोरे' नावाचा व्यापारी ऑर्डर आणायचा, नमुना ठरवायचा आणि कातणारा, विणणारा, रंगवणारा यांना काम वाटून द्यायचा. स्वतःचा माग त्याच्याकडे नसला तरी चालायचे. ओळखीची गोष्ट वाटते ना? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत आपण असेच काम करतो. ज्याकोमो बेकात्तिनी या अर्थतज्ज्ञाने याच शहराचा अभ्यास करून दाखवले की एकाच गावात गुंफलेले छोटे उद्योग मोठ्या कारखान्यासमोर टिकू शकतात.

मात्र ते टिकतात ते एकत्र आले तर. लोकरीच्या धुलाईला आणि रंगाईला प्रचंड पाणी लागते. एकेकट्या छोट्या कारखानदाराला सांडपाणी शुद्ध करणे परवडणारे नव्हते. म्हणून १९८० च्या दशकात महापालिका आणि उद्योजकांची संघटना यांनी मिळून सामायिक यंत्रणा उभी केली. पुढे शुद्ध केलेले पाणी वेगळ्या नळाने पुन्हा कारखान्यांना मिळू लागले. नदी वाचवणे हा तिथे दानधर्म नव्हता, धंदा चालू ठेवण्याची अट होती.

मग फटका बसला. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक कापड व्यापारातील कोट्याची पद्धत संपली आणि आशियातील स्वस्त माल मोकळेपणाने युरोपात येऊ लागला. प्रातोत कित्येक कारखाने बंद झाले. त्याच शहरात मात्र दुसरा धंदा वाढत होता, आठवड्याभरात फॅशन शिवून देण्याचा. त्यातले बहुतेक कारागीर चीनमधून आलेले. १ डिसेंबर २०१३ च्या सकाळी अशाच एका कारखान्याला आग लागली. कामगार तिथेच झोपत होते, खिडक्यांना गज होते. सात जण गेले.

तेव्हा दोष एका स्थलांतरित समाजावर टाकणे फार सोपे होते, आणि तसे घडलेही. पण त्या दरात, त्या वेळेत माल हवा असणारा बाजार तर सगळ्यांचाच होता. नंतर टस्कनी प्रांताने कारखान्यांच्या तपासणीची खास मोहीम हाती घेतली. मला यातून एकच गोष्ट दिसते. जुन्या कपड्यातून नवे सूत काढले, पण सूत काढणारा माणूस वापरून फेकला, तर त्या धंद्याला शाश्वत म्हणता येत नाही.

प्रातोचे जे उद्योजक टिकले, त्यांनी स्वस्ताईची शर्यत सोडली. आमचा माल कशापासून बनला हे आम्ही सिद्ध करू शकतो, यावर त्यांनी भर दिला. पुनर्वापराच्या लोकरीला त्यांनी स्वतःचे चिन्ह दिले. ते मिळवायचे तर मालात किमान ६५ टक्के पुनर्वापराचे तंतू असावे लागतात आणि पर्यावरणावरचा परिणाम मोजावा लागतो.

आता हा प्रश्न प्रातोपुरता राहिलेला नाही. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून जुने कापड वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमाखाली पुढे कपड्यांना 'डिजिटल पासपोर्ट' येणार आहे. कोड स्कॅन केला की तो माल कशाचा, कसा बनला ते दिसेल. तिथे विकला जाणारा माल कुठेही विणलेला असो, नियम तोच. म्हणजे भिवंडीचे कापड शिवून तिकडे गेले, तर त्याच्या धाग्याचा हिशेब आपल्या दारात येणार.

इथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका निर्यातदारासाठी मी सॉफ्टवेअर बनवले होते. धाग्याचे प्रमाण भरल्याशिवाय पान पुढे जात नसे. मला वाटले, आता नोंदी चोख होणार. सहा महिन्यांनी पाहिले तर जवळपास प्रत्येक मालापुढे तोच एक आकडा. कारकुनाला खरे प्रमाण कोणी सांगतच नव्हते. ज्याला माहीत होते तो मागावर उभा होता, आणि त्याला विचारावे हे मला सुचलेच नव्हते. संगणकात खोटी नोंदसुद्धा खरीसारखीच दिसते.

म्हणून तुम्हाला तीन विनंत्या. घरात माग असेल तर सूत कुठून आले, प्रमाण काय, वीज किती लागली, हे आजपासून वहीत लिहा. वही पुरेशी आहे, ॲप नंतर बनेल. आलम, नोंदी आणि सांडपाणी यांचा खर्च एकट्याला झेपत नाही, तेव्हा दहा-वीस मागवाल्यांनी एकत्र या. आणि मजुराची हजेरी, मजुरी, आगीपासूनची सोय यांची नोंद त्याच वहीत ठेवा, वेगळ्या वहीत नको.

'दुसरा याहून कमी घेतो' याला अब्बांकडे उत्तर नव्हते. त्यांचे कापड चांगले होते, पण ते दाखवायला हातात कागद नव्हता. तुमच्या हातात तो असू द्या.