कुई भाषा आणि तिचे सोलापुरी सोयरे



ज्या नगरीत श्रीसिद्धेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नड वचने रचली, जिच्यापासून जवळच हत्तरसंग-कुडल येथे भीमा-सीनेच्या संगमावर शके 940चा मराठी शिलालेख आहे, आणि जिच्या पूर्वभागात पद्मशाली विणकरांच्या घरोघरी मागाच्या खडखडाटातही तेलुगू संभाषण अखंड चालू असते, त्या नगरीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

ओडिशातील कंधमाळच्या डोंगरी मुलखात कंध लोक जी कुई भाषा बोलतात, तिची चर्चा सोलापुरात कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याने आमच्या पूर्वभागात एक फेरी मारावी. कारण द्राविडी कुळाच्या ज्या शाखेत कुई मोडते, त्याच शाखेत आमच्या विणकरांची तेलुगू आणि गडचिरोलीकडील गोंडीही मोडते. कानडीत झाडाला ‘मर’ म्हणतात. जुन्या तेलुगूत ‘म्रानु’ आणि कुईत ‘म्रह्नु’. आरंभीच्या ‘म’नंतरचा स्वर पुढे सरकला आणि ‘म’ व ‘र’ यांचे जोडाक्षर झाले, ही तेलुगू व कुई यांच्या नात्याची खूण कोणत्याही डोळस श्रोत्याच्या कानाला पटावी.

कुईचे पाचही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दुहेरी आहेत. त्यांतील ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ यांना देवनागरीत रूढ चिन्ह नाही. मूर्धन्य ध्वनींची तिथे रेलचेल आहे, अस्सल कुई शब्दांत ‘ख’, ‘घ’ यांसारखे महाप्राण नाहीत, आणि कंठातच क्षणभर अडून सुटणारा एक ध्वनी असा आहे की, तो उडिया लिपीत लिहितानाही निसटू पाहतो. विनफील्ड यांनी 1928मध्ये या भाषेचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. 2011च्या खानेसुमारीत तिचे भाषक नऊ लाखांहून अधिक भरले. तथापि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही.

भाषेची नोंद सरकारी दफ्तरात झाली म्हणजे तिचे उच्चार जतन झाले, असे मानण्याची चूक आपण करू नये. म्हणून माझी या संमेलनास आग्रहाची विनंती आहे की, कुईच्या अभ्यासाबरोबरच आपल्या राज्यातील गोंडी, कोलामी आणि कैकाडी या भाषांचे उच्चार बोलणाऱ्यांच्याच तोंडून, वयोवृद्ध स्त्रीपुरुषांपासून आरंभ करून, ध्वनिमुद्रित करण्याचे काम आपण अंगावर घ्यावे, आणि त्या कामात त्या त्या समाजातील तरुणांना केवळ माहीतगार न मानता बरोबरीचे अभ्यासक मानावे.

आमच्या व्यवस्थेत काही न्यून आढळल्यास ते पदरात घ्यावे, अशी प्रार्थना करून मी अध्यक्षमहोदयांना संमेलनाची सूत्रे स्वीकारण्याची विनंती करतो.