भुलेतील बालश्वास

आबिड्सच्या बाजारातून मूसीच्या काठाकडे निघाले, की अफझलगंजची जुनी रुग्णालयवस्ती लागते. आपल्या या हैदराबादेत निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. मेडिकल स्कूलचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा, की भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे. क्लोरोफॉर्मपासून हृदयाला धोका नाही, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. परंतु श्वासाविषयीचा इशारा टिकला. त्याच शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या जगातील आद्य स्त्री-डॉक्टरांपैकी एक होत.

बालकाच्या बाबतीत हा इशारा विशेष मोलाचा आहे. मुलाची छाती मऊ असते. भूल चढताच स्नायू सैलावतात, फुप्फुसांतील शिल्लक हवा घटते आणि काही वायुकोश मिटू लागतात. त्यात निव्वळ प्राणवायू दिला, तर तो रक्तात झटकन शोषला जातो. कोशांना आतून टेकू देणारा नायट्रोजन उरत नाही. मिटलेल्या भागातून जाणारे रक्त मग प्राणवायूवाचूनच परतते.

यावर उपाय आहे. फुग्याची पहिली फुंकर जड जाते. थोडी हवा आत राहिली, तर पुढची सोपी होते. म्हणूनच भूलतज्ज्ञ उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत थोडा दाब राखतात. तो बहुधा पाण्याच्या ५ सेंटिमीटर उंचीइतका असतो. मिटलेला भाग ते सावकाश दाबाने पुन्हा फुलवतात आणि प्राणवायू गरजेपुरताच देतात.

आता मातापित्यांचे कर्तव्य. दूर गावाहून आलेले कुटुंब, मोठ्या मिनतवारीने मिळालेली तारीख, आणि आदल्या रात्री मुलाला पडसे! शस्त्रक्रिया लांबेल या भयाने ते लपविण्याचा मोह होतो. तसे करू नका. पडशाने श्वासनलिका चिडलेल्या असतात. कफाने वाट बंद झाली, की तिच्यापुढचा भाग मिटतो. खोकला, ताप, दमा, घरातील धूम्रपान, सारे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. उपाशी ठेवण्याच्या वेळाही काटेकोर पाळा.

शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे मूल उथळ श्वास घेते. म्हणून वेदनाशामक वेळेवर द्यावे, डॉक्टरांच्या अनुमतीने मुलाला उठवून बसवावे, साबणाचे फुगे उडवू द्यावेत. त्या खेळातच दीर्घ श्वासाचा व्यायाम होतो.

श्रोतेहो, लांबलेली तारीख पुन्हा मिळते. मुलाचा श्वास मात्र आपल्या खरे बोलण्यावरही अवलंबून असतो.