सातबारा एकाचा, मुखत्यारपत्र दुसऱ्याचे

मुक्त सॉफ्टवेअर हे अनेकांच्या श्रमांतून उभे राहिलेले सामायिक धन होय. त्याचा सोर्स कोड कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा, अशी मुभा त्याचा परवानाच देतो. परंतु अनेक प्रकल्पांत आपली दुरुस्ती देऊ करणाऱ्या प्रोग्रॅमरपुढे प्रथम एक करारनामा येतो. त्यावर सही केल्यावाचून त्याचे काम स्वीकारले जात नाही. रेल्वेच्या तिकिटामागचा मजकूर जितक्या आस्थेने वाचला जातो, तितक्याच आस्थेने बहुधा तोही वाचला जात असावा.

कॉपीराइट लेखकाकडेच राहील, असे त्यात पुष्कळदा लिहिलेले असते, आणि ते खोटे नसते. मात्र तेच काम हव्या त्या अटींवर इतरांना देण्याचा, कायमचा व मागे न घेता येणारा अधिकार पुढील कलमान्वये कंपनीकडे जातो. सातबारा एकाच्या नावावर आणि कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याच्या खिशात!

याचा अर्थ २०२३ मध्ये स्पष्ट झाला. टेराफॉर्म हे संगणकीय यंत्रणा उभारण्याचे साधन हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीने २०१४ मध्ये खुले केले होते. बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी सह्या करून त्यात भर घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने पुढील आवृत्त्यांचा परवाना बदलला आणि आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या सेवांना त्यांचा वापर बंद केला. भर घालणाऱ्यांची संमती विचारण्याचे कारणच नव्हते. ती आधीच घेऊन ठेवलेली होती. पुढे आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरना ही कंपनी घेतली. तो व्यवहार फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरा झाला. त्या किमतीत कंपनीच्या पगारावर नसलेल्यांच्या श्रमांचा वाटा किती, हे कोणताही ताळेबंद सांगणार नाही.

बड्या क्लाउड कंपन्या आयते घेऊन विकतात, ही अशा कंपन्यांची तक्रार निराधार नव्हे. पण मग तिचा निवाडा सर्व निर्मात्यांना विचारून व्हावयास हवा होता.

दुसरी रीत अस्तित्वात आहे. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्सवरून आयबीएमविरुद्ध दावा लावला, तेव्हा कोणता कोड कोठून आला हा प्रश्न ऐरणीवर आला. त्यावर २००४ मध्ये लिनक्सने एक छोटी ग्वाही स्वीकारली: हे काम देण्याचा अधिकार मला आहे व प्रकल्पाच्या परवान्याखाली ते मी देत आहे. याहून अधिक काही नाही. मालकी हजारोंमध्ये विखुरलेली राहिली, म्हणून परवाना बदलणे कोणा एकाच्या हाती नाही. वकिलांना ही अडचण वाटते. वस्तुतः तीच तटबंदी आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तर ग्नूच्या अनेक प्रकल्पांसाठी संपूर्ण कॉपीराइटच मागत आले. पण ते काम मुक्तच राहील, अशी लेखी हमी ते बदल्यात देते. कंपन्यांच्या करारनाम्यांत असे कलम सहसा आढळत नाही.

टेराफॉर्मचा जुना कोड जुन्या परवान्याखालीच राहिला. त्यावरून सप्टेंबर २०२३ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू उभे राहिले. तेथे काम देणाऱ्याकडून लिनक्ससारखी एका ओळीची ग्वाही घेतली जाते.