ओटा कुणाच्या उंचीचा?



स्वयंपाकघर आणि बाथरूम नव्याने करून घ्यायचं ठरलं, की बहुतेक घरांत सुरुवात टाइल्सच्या दुकानापासून होते. एखाद्या रविवारी सगळं घर तिथे जातं. रंगावरून नवरा-बायकोचं पटत नाही, मुलगी तिसराच रंग काढते आणि शेवटी दुकानदार दाखवेल तो पसंत करून मंडळी परततात. माझ्यासारख्या आर्किटेक्टकडे येतात ती त्यानंतर. टाइल्स ठरलेल्या असतात, बाकी काहीच ठरलेलं नसतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या आईवडिलांच्या घरात मीही याहून शहाणपणाचं काही केलं नव्हतं. आज तीच गोष्ट सांगते.

1998 साली आमच्या सांगलीच्या घराचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. जुना कडाप्प्याचा ओटा होता. लिंबाच्या रसाचे पांढरट डाग पडून पडून त्याची पार रया गेली होती. तो काढला, काळा ग्रॅनाइट बसवला, खाली स्टीलच्या ट्रॉल्या केल्या, कोपऱ्यातली मोरी काढून सिंक आणलं. ओट्याची उंची ठेवली 34 इंच. का, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. सगळीकडे साधारण तेवढीच असते, मिस्त्रीच्या हाताला तेच माप बसलेलं असतं, एवढंच.

महिन्याभराने गेले, तर ओट्यासमोर जेवणाचा पाट मांडलेला. त्यावर उभी राहून आई पोळ्या लाटत होती. मला राग आला. पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून मी त्या स्वयंपाकघराचे फोटो काढले, आणि पाट फोटोत येऊ नये म्हणून पायाने बाजूला सरकवला. आई काहीच बोलली नाही. मी गेल्यावर तिनं तो परत जागेवर आणला असणार.

माझी आई चार फूट दहा इंच. एवढ्या उंचीच्या माणसाचं कोपर जमिनीपासून साधारण साडेछत्तीस इंचांवर येतं. लाटायला, चिरायला ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा लागतो, नाहीतर खांदे उचलून काम करावं लागतं. म्हणजे आईला हवा होता 31 इंचांचा ओटा. मी दिला 34 चा. त्यावर शेगडी चार-पाच इंचांची, आणि शेगडीवर कढई! फोडणी झाली का हे बघायला तिला टाचा उंचवाव्या लागत होत्या. दोन इंचांच्या पाटानं तिनं माझी चूक जमेल तेवढी दुरुस्त करून घेतली होती. मोजपट्टीशिवाय.

आमच्या आजीपर्यंत बायका बसून स्वयंपाक करत. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, डबे हाताशी मांडणीत. बसलेल्या माणसांच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. सासू बुटकी आणि सून उंच असली तरी एकच चूल दोघींना चाले. गॅस आला, शेगडी ओट्यावर चढली आणि बाई उभी राहिली. धूर गेला, गुडघे सुटले, हे चांगलंच झालं. पण उभं राहिल्याबरोबर उंचीचा प्रश्न आला, आणि तो कुणी विचारलाच नाही.

युरोपात या प्रश्नाचा विचार बराच आधी झाला होता. 1926 साली मार्गारेट शुट्टं-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब. रेल्वेच्या भोजनयानातला स्वयंपाकी एवढ्याशा जागेत शेकडो जेवणं कशी काढतो, हे त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं होतं. काम करणाऱ्या बाईची पावलं वाचावीत, हा हिशेब. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजीच. मात्र ते एकाच माणसापुरतं होतं, दुसरं माणूस आत आलं की अडचण व्हायची. आपल्याकडे तर पोळ्यांना एक, भाजीला दुसरी आणि भांड्यांना तिसरी. म्हणून मी आता भांडी घासणाऱ्या मावशींचीही उंची विचारते. सिंकचा तळ ओट्यापेक्षा सात-आठ इंच खाली असतो. उंच बाईची कंबर तिथे दुखते. तेवढा भाग दोन-तीन इंच उंच केला आणि शेगडीखालचा भाग तेवढाच खाली घेतला, तर खर्च फारसा वाढत नाही. ओट्याखाली पायाची बोटं आत जायला तीन-चार इंचांची खाच सोडावी, हेही तसंच. नसली तर माणूस ओट्यापासून लांब उभं राहून वाकतं.

आता बाथरूम. इथे चुकीची किंमत नुसत्या पाठदुखीवर भागत नाही.

त्याच 1998 च्या कामात मी न्हाणीघराला गुळगुळीत, आरशासारख्या टाइल्स लावल्या होत्या. दार सव्वादोन फुटांचं, आत उघडणारं. 2006 च्या पावसाळ्यात एका सकाळी बाबा आंघोळ करून उठताना घसरले. पडताना त्यांनी टॉवेलची दांडी धरली, ती स्क्रूसकट हातात आली. ते पडले ते नेमके दाराला टेकून. आतून कडी. आई बाहेर. कडी मोडून उपयोग नव्हता, कारण दार ढकललं तर ते बाबांनाच लागणार. शेवटी शेजारच्या मुलानं खिडकीच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि तो आत उतरला. तोवर चाळीस मिनिटं झाली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, बाबा वॉकर घेऊन घरी आले, आणि मग कळलं की वॉकर त्या दारातून सरळ जात नाही.

दार कुठल्या बाजूला उघडतं, हा मला तोपर्यंत जागेच्या सोयीचा प्रश्न वाटत होता.

2007 मध्ये ते न्हाणीघर मी पुन्हा तोडलं. दार तीन फुटांचं केलं, बाहेर उघडणारं, बाहेरूनही खोलता येईल अशा कडीचं. खरखरीत टाइल्स लावल्या. उंबरा काढून आत-बाहेर अर्ध्या इंचाचाच फरक ठेवला. कमोड थोडा उंच, सुमारे 18 इंचांचा घेतला, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी आधाराच्या दांड्या बसवल्या. या दांड्या टाइलला नव्हे, मागच्या विटांच्या भिंतीत अँकर बोल्टनं घट्ट बसवायच्या असतात. बसवून झाल्यावर आपण स्वतः लोंबकळून बघावं. मी बघितलं. मिस्त्री हसला.

उंबरा काढला की उताराला महत्त्व येतं. मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर उतार जाळीकडे हवाच. जाता जाता सांगते, या जाळीखालच्या भांड्याला प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. आपली न्हाणी तिथवर पोचली आहे.

फ्लॅटमध्ये जुनी फरशी फोडताना तिच्याखालचं वॉटरप्रूफिंगही फुटतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वर हजारोंच्या टाइल्स लागतात आणि सहा महिन्यांनी खालच्यांच्या छताला ओल येते. मग सोसायटीच्या सभेत जे होतं ते होतं. म्हणून वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स लावण्याआधी जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी भरावं, दोन दिवस तसंच ठेवावं आणि खालच्या घरी जाऊन छत बघावं. ठेकेदार ‘वेळ जातो’ म्हणेल. जाऊ द्यावा. तोडफोड टाळायची म्हणून जुन्या फरशीवरच नवी चिकटवतात. त्यानं ओल थांबत नाही, नुसती झाकली जाते.

आणि एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. गॅसचा गीझर बंद बाथरूमच्या आत लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. दार-खिडकी लावून आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध जाते. असे जीव गेलेले आहेत. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा.

न्हाणीघर झाल्यावर बाबा म्हणाले, “आता तिच्या ओट्याचंही बघ.” नऊ वर्षं तो पाट त्यांनाही दिसत होता, हे मला त्या दिवशी कळलं. ग्रॅनाइट उतरवला, खालचा आधार तीन इंचांनी कमी केला, ट्रॉल्या नव्याने कराव्या लागल्या. ओटा झाला 31 इंचांचा. पहिले चार दिवस आई सवयीनं पाटावर चढून लाटायला उभी राहायची आणि माझ्यावर चिडायची, “फार खाली करून ठेवलास गं हा. पहिला बरा होता!”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)