सवलत कोणाला, सारा कोणावर

(कर्जत येथील बैठकीतील भाषण)



ज्वारी-कापसाच्या मुलखातून बोरघाट उतरून तुम्ही इथे आलात. सुमारे १९०० वर्षांपूर्वी घाटावरच्या मावळाला मामाल आहार म्हणत. आहार म्हणजे आजचा जिल्हाच धरा. त्यावर सातवाहन राजाचा अमात्य. खाली याच रायगड जिल्ह्यात, कुड्याच्या लेण्यांत, महाभोज घराण्याची नावे कोरलेली आहेत. कारभार अशा घरांचा.

आणि शेतकरी? कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते, नवी गावे वसवावी ती मुख्यतः शूद्र शेतकऱ्यांची, शंभर ते पाचशे घरांची. तिथे नट-गवयांना फिरकू देऊ नये, कामात खोळंबा होतो! मनुस्मृती म्हणते, नावापुरता ब्राह्मण असला तरी त्याने न्याय सांगावा, शूद्राने कधीही नाही. राजाचा वाटा साधारण सहावा, पण संकट आले तर चौथा हिस्सा घेतला तरी राजाला दोष नाही. न्यायाच्या बैठकीत जागा नाही, पण खळ्यावर राजाचा माणूस हजर.

पुस्तकात लिहिले तसेच गावोगाव चालले असेल असे मी म्हणत नाही. म्हणून दगडावरचे पाहू. नाशिकच्या लेण्यांत एक लेख आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर पाऊण व्याज. विणकरांची संघटना होती म्हणून तिची पत होती. कापूस पिकवणाऱ्याचा त्या लेखात उल्लेख नाही.

तिथेच गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम आहे. राज्याच्या १८व्या वर्षी त्याने भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. सवलती अशा: शिपायांनी शिरायचे नाही, अधिकाऱ्याने हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचे नाही. ही सवलत असेल, तर बाकीच्या शेतांत काय चालत असेल ते तुम्हाला सांगायला नको.

आईने, गौतमी बलश्रीने, पुढे कोरवले की त्याने कर धर्माने घेतले आणि चार वर्णांची सरमिसळ थांबवली. पण २४व्या वर्षीचा हुकूम वाचा. काखडी गावचे शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून शहराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतली १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत. दान घेणाऱ्यांची सोय झाली. काखडीचे शेतकरी गाव सोडून का गेले, याची चौकशी त्या हुकुमात नाही.