बिटकॉइनचा हिशेब आणि नवशिका प्रोग्रामर

२००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉइनचे व्यवहार स्वतःच्या प्रोग्राममधून करूं पाहणाऱ्यानें आरंभ टेस्टनेटवर करावा. तेथील नाण्यांना किंमत नसते, त्यामुळें चुकीचा दंडहि नसतो. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. हिशेब सातोशींच्या पूर्णांकांतच ठेवावा. संगणक अपूर्णांक बहुधा द्विमान पद्धतीनें साठवितो, आणि तींत ०.१ देखील तंतोतंत बसत नाहीं! वॉलेटची खासगी किल्ली प्रोग्रामच्या मजकुरांत कदापि लिहूं नये. मजकूर दुसऱ्यास दाखविला कीं पैसे त्याच्या हातीं गेले. एपीआय, म्हणजे प्रोग्रामनें प्रोग्रामशीं बोलावयाची ठरीव रीत. तिच्यासाठीं एक्स्चेंजकडून किल्ली घेतांना केवळ शिल्लक पाहण्याची परवानगी मागावी, पैसे काढण्याची नव्हे. बँकेकडे निदान तक्रार तरी करतां येते. बिटकॉइनच्या जाळ्यावर पक्का झालेला व्यवहार परत फिरविणारी पेढी नाहीं.