तंबोऱ्यामागचा भुंगा

आज बोलू या घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या केबल्सबद्दल. आधी माझी फजिती ऐका.

गेल्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी लंडनला आले. केबिन बॅगेत कपडे कमी, जुन्या एलपी जास्त. त्यांच्यासाठीच मी पैसे साठवून चांगला अँप्लिफायर, स्पीकर आणि टर्नटेबल घेतलं होतं. भीमसेनजींची तबकडी लावली. बाबा डोळे मिटून बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "अरे, तंबोऱ्यामागे भुंगा कुठून आला?" खरंच, घुंऽऽ असा आवाज येत होता.

मी दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, "स्पीकरच्या केबल्स हलक्या आहेत तुमच्या." चारशे पौंड मोजले, केबल्स जोडल्या. भुंगा जागच्या जागी! बाबांनी किंमत विचारली, तेव्हा मी चहा टाकायला उठलो.

दोष निघाला एका बारीक वायरीत. टर्नटेबलमधून अर्थची एक सुटी वायर येते. ती अँप्लिफायरच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला लावायची असते. माझी कपाटामागे लोंबकळत होती. स्क्रू आवळला, भुंगा गेला. खर्च शून्य.

असं का झालं? तबकडीवरच्या सुईकडून येणारा सिग्नल व्होल्टच्या काही हजारांश भागाइतकाच असतो. अँप्लिफायर तो खूप मोठा करतो आणि त्यात शिरलेली घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही मोठी होते. स्पीकरची केबल त्यानंतर येते. आधीच शिरलेली घरघर ती कशी काढणार?

म्हणून मंडळी, आधी दोष कुठे आहे ते शोधा, मग खरेदी करा.

स्पीकरच्या केबलमध्ये पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे तांब्याची जाडी. अडीच चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांबीची केबल घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.०७ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही. बैठकीच्या खोलीला एवढं पुरतं. अमेरिकेतल्या श्रोत्यांनी १४ किंवा १२ गेजची मागावी. आकडा लहान तितकी वायर जाड, हे विसरू नका. मात्र स्वस्तातल्या काही केबल्स आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वर नुसता तांब्याचा मुलामा. त्यांना सीसीए म्हणतात. त्याच जाडीत त्यांचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. पाकिटावर शुद्ध तांबं लिहिलंय का, ते वाचा. जोडताना लाल-काळं उलटसुलट होऊ देऊ नका. एकाच स्पीकरचं उलटं झालं, तर आवाजातला खर्ज पातळ होतो.

टर्नटेबलपासून अँप्लिफायरपर्यंतची केबल मात्र नीट निवडा. ती आखूड हवी, आत जाळीचं आवरण हवं आणि ती विजेच्या वायरींपासून लांब ठेवायला हवी. इथे वीस-पंचवीस पौंड जास्त गेले तरी चालतील. टीव्हीच्या ऑप्टिकल किंवा एचडीएमआय केबलचं तसं नाही. सिग्नल नीट पोचत नसेल, तर आवाज तुटतो किंवा बंद पडतो. महाग केबलने गळा गोड होत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. घरघर घालवायला प्लगमधली अर्थची वायर काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. ती वायर तुमच्या मुलाबाळांचा जीव वाचवण्यासाठी आहे.

तरीही महागडी केबल घ्यावीशी वाटली, तर परत करता येईल अशाच दुकानातून घ्या. घरात कुणाला तरी न सांगता केबल बदलायला लावा आणि तुम्ही पाठ करून ऐका. दहा वेळा करा. फरक ओळखता आला, तर खुशाल ठेवा.

मी ओळखू शकलो नाही. बाबांनाही जमलं नाही, आणि त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत. पावती होती, केबल्स परत केल्या. उरलेले दोन महिने बाबांनी रोज संध्याकाळी एक एलपी ऐकली. जाताना सगळ्या इथेच ठेवून गेले.

तर आज टर्नटेबलच्या मागे एकदा डोकावून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.